तीन पंख्यांचं कार्ड

"दोन्ही सारखेच हायत काका," सोनाली तिसऱ्यांदा म्हणाली. "दोन पंख्यांचं घ्या. स्वस्त पडन. पोट्ट्याले फरकही नाई समजणार."

गुणवंता खुर्चीवरून उठला नाही. समोर टेबलावर दोन मॉनिटर शेजारी शेजारी चालू होते. एकाला दोन पंख्यांचं ग्राफिक्स कार्ड जोडलं होतं, दुसऱ्याला तीन पंख्यांचं. दोन्हींवर एकच जंगल होतं, एकच नदी आणि तोच वाकडा लाकडी पूल.

"या पाण्यात झाडाची सावली पडून राहिली," तो उजव्या पडद्याकडे बोट दाखवत म्हणाला. "डावीकडे नाई पडत."

"पडते, पण पुसट पडते. खेळताना कोण पाहते तिकडं? पोट्टे त धावत सुटतेत."

"हळू चालता येते का?"

सोनालीने त्याच्याकडे निरखून पाहिलं. पांढुर्ण्याच्या बाजारात तिला हे दुकान मांडून चार वर्षं झाली होती. खेळाचा कंप्युटर घ्यायला पोरं येत, बाप फक्त शेवटी पैसे द्यायला. हा सौंसरच्या तहसील कचेरीतला बाबू मात्र सकाळच्या बसने एकटाच आला होता आणि दुपार व्हायला आली तरी त्याचं पाहून संपत नव्हतं.

तिने कळ दाखवली. गुणवंताने ती दाबली. पडद्यावरचा माणूस पुलावर चढला.

"अन् मान वळवाची असन त?"

"माउस हलवा. अहो काका, तुम्ही कायले शिकून राहिले? एकदा घरी गेलं का पोट्टा तुम्हाले हात नाई लावू देणार."

गुणवंता हसला. "पाहू."

"त्यालेच घेऊन याचं होतं. आपल्या पसंतीनं घेतलं असतं त्यानं."

"त्यानंच पाठवलं. म्हणे, बाबा, तुम्हीच पाहा."

"मोठा गुणाचा दिसते. नाईतर इथं येणारे! बापाले म्हणतेत, तुम्ही बाहेर चहा प्या." तिने चहा मागवला. "मी सावरगावची हाय काका. दुकान इकडं, घर नदीपलीकडं. वर्षातून एक दिवस, गोटमारीले, आमचे लोक या पांढुर्णावाल्याईले गोटे मारतेत, बाकीचे दिवस मी त्याईलेच माल विकतो."

गुणवंताने कप उचलला आणि पुन्हा पडद्याकडे पाहू लागला.

गेल्या पोळ्याच्या संध्याकाळी सुमेधने कंप्युटरचा विषय काढला होता. कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होता पोरगा. कोणतं कार्ड, किती मेमरी, सगळं त्याला तोंडपाठ. दोन कार्डांमध्ये त्याचं अडलं होतं आणि बापाने मत द्यावं, एवढंच त्याचं म्हणणं होतं. गुणवंता कचेरीतून वैतागून आला होता. "घरात बसून डोळे फोडून घेशीन," तो म्हणाला होता. "उद्या गोटमार हाय. मामाकडं जाय, चार पोट्ट्याईत उभा राह्य. माणसात ये जरा." त्याची बायको करुणा म्हणाली होती, नको पाठवू. गुणवंताने ऐकलं नाही. सुमेध सकाळी पांढुर्ण्याच्या बसमध्ये बसला.

त्यानंतर घरात कंप्युटरचं नाव कोणी काढलं नव्हतं. काढलं ते गेल्या महिन्यात, गुणवंतानेच.

"इथं हा पक्षी हाय," तो म्हणाला. "याची चोच पिवळी हाय का नारंगी?"

सोनाली वाकली. उजवीकडे चोच नारंगी होती. डावीकडे नुसता ठिपका होता.

"हेच द्या," गुणवंता म्हणाला. "तीन पंख्यांचं."

"काका, तुमचं नुकसान नको म्हणून सांगून राहिलो. डोळ्याले कळणारा फरक नाई हा."

"मले कळला न."

सोनालीने कंप्युटरच्या डब्यात कार्ड बसवलं, तारा बांधल्या, मॉनिटर खोक्यात घातला आणि खोकी बसमध्ये ठेवायला दुकानातला माणूस सोबत दिला. जाताना म्हणाली, "पोट्ट्याले सांगजा, काही अडलं त फोन कर म्हणा. बापानं मोठ्या मनानं घेतलं म्हणा."

बस सुटली. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना संत्र्याच्या बागा होत्या. गुणवंता गुडघ्यांवरचं खोकं धरून बाहेर पाहत होता. त्याचे ओठ हलत होते. शेजारच्या बाईला वाटलं, काही जप करत असेल.

घरी करुणाने टेबल पुसून ठेवलं होतं. सुमेध पलंगावर बसला होता.

"कोणतं घेतलं?" त्याने विचारलं.

"तीन पंख्यांचं."

"मी बी तेच घेतलं असतं." वर्षभरात पोराच्या आवाजात एवढा जीव आला नव्हता. "लय महाग पडलं असन."

"गप बस."

तारा जोडता जोडता गुणवंता दोनदा चुकला. सुमेध जागेवरून सांगत गेला, जाड तार मागे, बारीक पुढे. शेवटी डब्यातून घरघर सुरू झाली. पडदा उजळला. जंगल, नदी, पूल.

करुणाने दोन खुर्च्या आणून ठेवल्या आणि ती स्वयंपाकघराच्या दाराशी उभी राहिली. पदर तिने तोंडाशी धरला होता.

गुणवंता पडद्यासमोरच्या खुर्चीवर बसला. त्याने डावा हात कळांवर ठेवला आणि उजव्या हाताने माउस धरला. सुमेध टेबलाची कड चाचपत दुसऱ्या खुर्चीपाशी आला, बसला. त्याचा चेहरा पडद्याकडे नव्हता. खाली डब्याकडे, पंख्यांचा आवाज येत होता तिकडे वळला होता.

"हं, बाबा," तो म्हणाला. "सांगा आता. काय काय दिसून राहिलं?"