कालव्याअलीकडची अकरा घरं

पत्र गुरुवारी आलं होतं. चार पानं, दोन्ही बाजूंनी गच्च भरलेली, आणि पुरुषोत्तमला त्यातलं स्वतःचं नाव तेवढं वाचता आलं होतं. जावा बेटावरच्या वतुरेजो नावाच्या खेड्यात तो भातावरच्या किडींचा अभ्यास करत दोन वर्षं राहिला होता. पण त्याला येत होती ती बाजारापुरती बोली. तिथल्या सस्त्रो नावाच्या म्हाताऱ्या शेतकऱ्यानं मुलीकडून लिहून घेतलेलं हे पत्र अस्सल जावानी भाषेत होतं, तेही वडीलधाऱ्यांशी बोलावं तशा आदबीच्या. म्हणून रविवारी सकाळी तो न्यू ब्रन्सविकला जाऊन मुर्नीला घेऊन आला. जावातल्याच एका खेड्यातली ही मुलगी इथं अमेरिकेत युनिव्हर्सिटीत शिकत होती.

"अहो, तिला कोट तरी काढू द्या," मालिनी स्वयंपाकघरातून म्हणाली.

मुर्नी सोफ्याच्या कडेला बसली आणि पानं हातात घेऊन एकेक ओळ इंग्रजीत सांगू लागली. तुमची तब्येत कशी आहे. तुमच्या पत्नीची कशी आहे. तुमच्याकडची थंडी सरली का. मुलगी लस्त्री पाच महिन्यांची गरोदर आहे. मशिदीवर नवे पत्रे चढवले. बायकोची दाढ काढली, आता ती पुन्हा सगळ्यांवर ओरडू शकते. विजेचे खांब शेजारच्या गावापर्यंत आलेत, आमच्याकडे केव्हा येतील ते देवालाच ठाऊक.

"आणि भात?" पुरुषोत्तमनं विचारलं.

"काका, अजून पहिलंच पान आहे."

"पुढे बघ ना जरा. शेवटी असेल."

मुर्नीनं मान हलवली. "मोठी गोष्ट आमच्याकडे घाईनं सांगत नाहीत. आणि मध्येच वाचलं तर चुकीचं समजेल."

पुरुषोत्तम उठून खिडकीशी गेला. मागच्या हंगामात तपकिरी तुडतुड्यांनी वतुरेजोचं निम्मं भात करपवलं होतं. लोक दर आठवड्याला औषध मारत होते आणि जितकं मारत तितके तुडतुडे वाढत होते, कारण त्यांना खाणारे कोळी आधी मरत होते. निघायच्या आदल्या दिवशी त्यानं सस्त्रोला सांगितलं होतं, यंदा औषध मारू नका, कोळ्यांना राहू द्या. म्हाताऱ्यानं त्याचे दोन्ही हात हातात घेतले आणि म्हणाला, "तुम्ही म्हणता म्हणून." त्याच्या शब्दावर कालव्याअलीकडच्या अकरा घरांनी फवारणीचे पंप बाजूला ठेवले. आणि हा इथं वेस्ट विंडसरला येऊन बसला. भात गेलं असतं तरी याच्या ताटातलं काही कमी होणार नव्हतं. सहा महिने त्याला झोप लागत नव्हती ती यामुळेच.

"काका," मुर्नी म्हणाली. "आलं."

तो वळला, पण खिडकीपासून हलला नाही.

"लावणीनंतर सहा आठवड्यांनी किडा दिसला. कालव्यापलीकडच्यांनी औषध मारलं. आमच्यातले दोघे-तिघे रोज येऊन विचारत, काय करायचं. मी म्हणायचो, थांबायचं." मुर्नीनं पान उलटलं. "एका पहाटे माझा धीर सुटला. घरात कुणाला न सांगता पंप भरला, पाठीवर घेतला आणि बांधावर गेलो. तुम्हाला खोटं सांगणार नाही. तुमच्यावरचा माझा विश्वास त्या दिवशी उडाला होता."

मालिनी हात पुसत दारात येऊन उभी राहिली.

"अजून ऊन यायचं होतं. भाताच्या रोपा-रोपांमध्ये जाळी होती, सगळ्यांवर दव. इतके कोळी मी लहानपणापासून पाहिले नव्हते. मी पंप उतरवला. पण घरी गेलो असतो तर दुसरा कुणी पंप घेऊन आला असता, म्हणून दुपारपर्यंत बांधावरच बसून राहिलो."

"मग?" हे मालिनीनं विचारलं.

मुर्नीनं पुढच्या ओळी आधी मनात वाचल्या. तिचा चेहरा सैल झाला. "कापणी झाली. अकराही घरांत भात आहे. कालव्यापलीकडे निम्मं करपलं, त्यांना आम्ही थोडं थोडं दिलं. आता ते येऊन आमच्या शेतात वाकून बघतात. सगळ्या गावाला जेवण घातलं. तुमच्या नावानं एक पान वाढलं होतं. ते लस्त्रीनं खाल्लं, ती दोन जिवांची आहे."

पुरुषोत्तम खुर्चीवर बसला. त्यानं चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा डोळ्यांवर चढवायला विसरला. "अकराही?" तो म्हणाला. "नीट बघ."

"अकराही. आकड्यात लिहिलंय, आणि अक्षरीही."

तो हसला. हसता हसता त्याचा श्वास इतका मोठा सुटला की मालिनीनं दचकून त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "बरा आहे मी," तो म्हणाला. "भूक लागलीय."

मालिनी जेवण वाढायला आत गेली. मुर्नीनं पत्राच्या घड्या घातल्या, पण ते परत केलं नाही.

"काका, एकदा मोठ्यानं वाचू? आमच्या भाषेत. इथं आल्यापासून मी कुणाशीच..." तिनं वाक्य सोडून दिलं.

"वाच की."

ती ताठ बसली आणि पहिल्या ओळीपासून सुरुवात केली. तिचा आवाजच बदलला. कुठे हळू झाला, कुठे लाडिक, आणि एका ठिकाणी तिला हसू आवरेना. पुरुषोत्तमला फारसं काही कळत नव्हतं. तो डोळे मिटून ऐकत राहिला. मालिनी वाफाळती ताटं घेऊन आली आणि ती तशीच हातात धरून दारात थांबली.