आतली टकटक

काही जंतू मेले फार चिवट. बीसारखे कवचात दडतात, उकळीलाही दाद देत नाहीत. म्हणून डबाबंद खाऊच्या कारखान्यातले काका वाफेतून निघालेला प्रत्येक बंद डबा दांडीनं ठोकून बघत. खणखणीत वाजला की निश्चिंत.

त्या दुपारी आदल्या दिवशी वाफवलेल्या घाण्यातल्या एका डब्यानं आतून ठोकलं.

काकांनी दोनदा ठोकलं. आतूनही दोनदा.

"थांब, तुझी खोडच मोडतो!" म्हणत त्यांनी तो पुन्हा वाफेत घातला. बाहेर आला तो टकटक करतच.

तेवढ्यात बायकोचा फोन. "अहो, काल आणलेला डबा नातीनं फस्त केला हं."

"अगं, तो याच घाण्यातला!"

"मग काय झालं? मजेत आहे पोर. पोटावर बोटं वाजवते नि म्हणते, आजी, आतून कोणीतरी उत्तर देतंय."

फोनमधून टकटक ऐकू आली.

काकांच्या हातातल्या डब्यानं लगेच साद दिली.