बहिऱ्याचं गाणं

“हलू नकोस,” रिगोर कुजबुजला, आणि विताल एक पाय हवेत धरून तसाच उभा राहिला.

समोरच्या पाइनवर बहिऱ्या टकटक करत होता. टर्कीएवढा हा काळा रानकोंबडा गाण्याच्या शेवटी घसा घासल्यासारखा आवाज काढतो, आणि तेवढा वेळ त्याला काहीही ऐकू येत नाही. त्या वेळात माणसाने पुढे सरकायचं, मग पुन्हा खांब व्हायचं. घासणं सुरू झालं. दोघांनी लांब काठ्या शेवाळात रोवत दोन-तीन ढांगा टाकल्या. पुन्हा टकटक. पुन्हा खांब.

असं करत करत ते पाइनखालच्या कोरड्या उंचवट्यावर पोचले. भोवती सगळी दलदल. वितालने काठी बाजूला रोवली आणि कॅमेरा काढला. ह्याच झाडाखाली तीन वर्षांपूर्वी त्याने बहिऱ्याचा तो फोटो काढला होता, ज्याच्यामुळे मिन्स्कमध्ये लोक त्याला ओळखू लागले. त्याच सकाळी, त्याला इथे सोडून परतताना, रिगोरचा धाकटा भाऊ आलेस झाडीपलीकडच्या दलदलीत बुडाला होता.

“वारा उलटा होता, माझ्याकडून त्याच्याकडे,” विताल तेव्हा ज्याला त्याला सांगत होता. “मला काहीच ऐकू आलं नाही.” शवपेटीला पहिला खांदा त्यानेच दिला. रडलाही सगळ्यांत जास्त तोच.

आता तो पुन्हा पाहुणा म्हणून आला होता, आणि रिगोरने पाहुणचारात काही कमी पडू दिलं नव्हतं. एक दिवस बीव्हरचा बांध दाखवला, एक दिवस पाण्याने भरलेल्या कुरणातला क्रौंचांचा नाच. विताल सारखा मागे लागायचा, “अरे, ते सगळं ठीक आहे, बहिऱ्या कधी दाखवतोस?” रिगोर बोट ओलं करून हवेत धरायचा. “वारा फिरू दे.” आज पहाटे वारा फिरला. त्या दिवशीसारखाच, उलटा. विताल खूश झाला. त्या बिचाऱ्याला वाटलं, हे सगळं पक्ष्यासाठी चाललंय.

उजाडलं तसा बहिऱ्या खाली उतरला. शेपटीचा पंखा उघडून ऐटीत फिरू लागला. विताल श्वास रोखून बघत होता. रिगोर पक्ष्याकडे बघतच नव्हता. आईचं चुकलेलं असू दे, एवढंच तो मनात घोकत होता. इतकी वर्षं ज्याला मित्र म्हटलं, त्याला वैरी म्हणायची त्याला हौस नव्हती. खरंच नव्हती.

“विताऽऽल!”

हाक झाडीपलीकडून आली. बारीक, पण स्वच्छ. बहिऱ्याने मान ताठ केली आणि फडफडाट करत उडून गेला.

“कोण बोंबललं ते?” विताल भडकला. “एवढा हातातोंडाशी आलेला घास! कोण मूर्ख आहे तिकडे?”

“आई आहे,” रिगोर म्हणाला. “आलेस बुडाला ना, तिथे उभी आहे. काय म्हणाली ती?”

“माझं नाव घेऊन...” विताल बोलता बोलता थांबला. त्याने कॅमेरा खाली केला.

“आणि वारा उलटा आहे.”

विताल कॅमेऱ्याचं झाकण लावू लागला.

“तू काढलेला तो फोटो आईने दुकानातल्या कॅलेंडरवर पाहिला. म्हणाली, ह्या पक्ष्याने मान वर केलीय, चोच मिटलीय. हा गात नाहीये रे, कुणाची तरी हाक ऐकतोय. मी तिला वेड्यात काढलं. तुझ्यासाठी आईशी भांडलो मी.”

“रिगोर, ऐकून तर घे. मला वाटलं, आलेस थट्टा करतोय. त्याला सवयच होती रे थट्टेची. पक्षी नुकता खाली उतरला होता. एक फोटो काढून मी निघणारच होतो...”

“मग?”

“मग हाका थांबल्या. मला वाटलं, निघाला असेल बाहेर.”

रिगोरचे हात शिवशिवले. तिथेच त्याचा गळा धरावा असं वाटलं. त्याने तो धरला नाही. त्याने शेवाळात रोवलेल्या दोन्ही काठ्या उपटल्या, एक स्वतःची आणि एक पाहुण्याची.

“अरे, माझी काठी कुठे नेतोस? काठीशिवाय मी इथून पाऊल तरी टाकू शकेन का?”

“कशाला टाकतोस? निसर्ग बघायला आलास ना? बघ निवांत.”

तो झाडी ओलांडून पलीकडे गेला. आई आलेससाठी रोवलेल्या लाकडी क्रूसाजवळ उभी होती, आपल्या काठीवर भार देऊन. मुलाच्या हातातल्या दोन काठ्या तिने पाहिल्या, तरी विचारलं.

“ऐकू आलं त्याला?”

“आलं.”

“आणि तेव्हा?”

“तेव्हाही आलं होतं.”

तिने क्रूसावरून एकदा हात फिरवला. तेवढ्यात मागून वितालची हाक आली. आधी रिगोरला, चिडून. मग पुन्हा रिगोरला, पण आता आवाजात चीड नव्हती. मग त्याने आईला हाक मारली.

“काकूऽऽ!”

हाक अगदी शेजारून आल्यासारखी येत होती. रिगोरने आईकडे पाहिलं.

आईने डोक्यावरचा रुमाल दोन्ही कानांवर ओढून घेतला, हनुवटीखाली घट्ट गाठ मारली आणि ती घराच्या वाटेला लागली.