गुंडाळलेलं पान

"वहिनी, तुमच्या कर्दळीवरच्या अळ्या आता आमच्या हळदीवर यायला लागल्या," शेजारचे पोतनीस दारातूनच कुरकुरले. कुमुदिनीबाईंची बेल महिनाभरात दूधवाल्याखेरीज कुणी वाजवली नव्हती. त्यांनी घाईघाईनं केसांवरून हात फिरवला. "मला त्यातलं काही कळत नाही हो, भावजी. जरा दाखवता का?"

मग रोज सकाळी पोतनीस साबणाच्या पाण्याची बादली घेऊन यायचे. गुंडाळलेलं पान हलक्या हातानं कसं उलगडायचं, आत दडलेली हिरवी अळी पाण्यात कशी टाकायची, पानामागे कडुनिंबाचं तेल कसं फवारायचं, सगळं मास्तरांसारखं समजावून सांगायचे. बाई मान डोलवायच्या. कुंड्यांमधली ही कर्दळ त्यांनी तीस वर्षं एकटीनं राखली होती, पण ते सांगायला त्यांची जीभ काही रेटेना. चहाचं आधण मात्र आता दोन कपांचं चढायचं.

आठव्या दिवशी पोतनीसांनी एकेक पान उलटून पाहिलं आणि हात झटकले. "झालं काम, वहिनी. आता औषधालासुद्धा अळी सापडायची नाही."

पुन्हा एकच कप. पंधरा दिवस बेल वाजली नाही.

सोळाव्या दिवशी बाईंना एका पानाची घट्ट सुरळी झालेली दिसली. सवयीनं त्यांचा हात पुढे झाला, तो त्यांनी तसाच मागे घेतला. मग पदर खोचून ती जड कुंडी त्यांनी इंचाइंचानं सरकवत नेली आणि पोतनीसांच्या कुंपणाला, अगदी हळदीला खेटून, लावली.