दिवेलागणीचं विरजण

मांजराने दह्याचं भगुनं पालथं घातलं ते नेमकं आजच. मेलं मांजर! त्याला दुसरा दिवस मिळाला नाही.

मंदाबाईने भगुनं उचलून पाहिलं; विरजणापुरतंही दही उरलं नव्हतं. तिच्या नवऱ्याला, भाईदासला, क्षयाच्या गोळ्यांनी मागे कावीळ झाली होती. डोळे पार हळदीसारखे. गोळ्या बंद झाल्या, कावीळ उतरली, पण खोकल्यातून पुन्हा रक्त पडायला लागलं. आता साक्रीच्या डॉक्टरांनी गोळ्या बदलून दिल्या होत्या.

"ताकाने यकृत सांभाळलं जातं का, ते मी खात्रीने सांगत नाही," ते म्हणाले होते. "ताजं ताक प्या, पोटाला बरं. गोळी मात्र सोडायची नाही."

भाईदासने त्यातलं सोयीचं तेवढं ऐकलं. सकाळी आधी ताक, मग गोळी. ताक नाही तर गोळी नाही, म्हणजे नाही! आणि नव्या गोळ्यांची उद्यापासूनच सुरुवात होती.

वाटी घेऊन ती शेजारच्या रुक्माअक्कांच्या दारात उभी राहिली. आत देवापाशी निरांजन लागलं होतं.

"अक्का, जराखं इरजण देता का?"

"दिवा लागी ग्या ना, मंदा. आते इरजण घरबाहेर कसं दिऊ?"

तिन्हीसांजेला विरजण देत नाहीत, हे मंदाबाईलाही ठाऊक होतं. तिनेही कधी दिलं नव्हतं. तरी तिला फार लागलं. भाईदासचं दुखणं कळल्यापासून गल्लीत कुणाला बोलायला वेळ नव्हता, कुणाच्या घरी चमचाभर साखर नव्हती. अक्कांना तर आयतंच निमित्त मिळालं! तिने वाटी पदराखाली घेतली आणि वळली.

"चालनी कोठे? घरमा दूध शे ना?"

"शे."

"मग ते लई ये. इरजण बाहेर जात नही. दूधले घरमा येवाले कोन नही म्हनस?"

मंदाबाई तिथेच घुटमळली. "पन अक्का... भगुनं आमना घरनं..."

"मग काय हातमा आनशी दूध? जाय, लवकर लई ये!"

ती धावतच गेली आणि आली. अक्कांनी दूध कोमट केलं, करंगळी बुडवून पाहिली, विरजण लावलं. फडताळात जागा नव्हती. मग नातवंडांच्या दह्याचं भांडं त्यांनी जरासं सरकवलं, आणि त्याला अगदी लागून मंदाबाईचं भगुनं ठेवलं.