ना हरकत
माझ्या नव्या दुकानाचं नाव यादीत शोधून नोंदणी कचेरीतल्या बाई म्हणाल्या, "हे एका घड्याळवाल्यांचं आहे. त्यांचं ना हरकत पत्र आणा, नाहीतर दुसरं द्या." मला तेच हवं होतं, गिऱ्हाइकं त्याच नावाला ओळखायची. पत्र लिहून घड्याळवाल्या काकांकडे गेलो. त्यांच्याच हाताखाली सतरा वर्षं शिकलो होतो. त्यांनी विचारलं, "दुसरं नाव सुचलं नाही का?" मी मान खाली घातली. काकांना भरून आलं. काकूंना म्हणाले, "ऐकलंस का, याला आपल्याशिवाय दुसरं नावच सुचेना." पत्र न वाचताच पेन उघडलं. टेबलभर सुटे काटे पसरलेले. "खाली धरायला काहीतरी दे." पिशवीत छापील पत्रकांचा गठ्ठा होता: 'आमचं जुनं दुकान आता समोरच्या चौकात.' तो मी पालथा धरला. काकांनी दाबून सही केली. प्रत्येक फराटा तळहाताला लागला.