ठरलेला मजकूर

नगरपालिकेने पाण्याची वेळ तासावरून अर्ध्या तासावर आणली आणि हरकतींना उत्तरं देण्याचं काम पाणी विभागातल्या कारकुनाच्या गळ्यात पडलं. कामात डोकं लावायचं नव्हतंच. मजकूर वर्षानुवर्षं ठरलेला, वरचं नाव तेवढं बदलायचं. एकशे बारा पत्रं त्याने हातासरशी उरकली. एकशे तेराव्या अर्जावरचं अक्षर वडिलांचं निघालं. याच खात्यातून निवृत्त झालेल्या वडिलांचं.

'अर्ध्या तासात पाणी तिसऱ्या मजल्यावर चढत नाही. मुलगा खालून बादल्या आणतो. आता त्याचीही पाठ धरते.'

अर्ज घेऊन तो साहेबांकडे गेला. "यांना जरा वेगळं लिहू का?"

साहेबांनी मानही वर केली नाही. "एकाला वेगळं लिहिलं, की सगळे येऊन बसतील. आहे तेच जाऊ दे."

चौथ्या दिवशी पत्र घरी आलं. वडिलांनी चष्मा लावून ते मोठ्याने वाचलं. "सदर निर्णय धोरणात्मक असल्याने वैयक्तिक हरकतीचा स्वतंत्र विचार करता येत नाही."

तो कानकोंडा होऊन समोर उभा होता. "बाबा, मी साहेबांना विचारून पाहिलं. त्या मजकुरात काही करताच येत नाही."

"माहीत आहे," वडील पत्राची घडी घालत म्हणाले. "कुणाला पळवाट सापडू नये म्हणून आठवडाभर खपून मीच लिहिला होता तो. वाटलं होतं, एवढ्या वर्षांत तुला तरी एखादी सापडली असेल."